गोड्या पाण्याचं पेन्शन

ह्या गोष्टीचा शेवट जो कुनी आधी वळखून दावंल, त्येला माझी चंची दिली. तंबाकूनं भरल्याली हाय, चुना आजचाच हाय. थोडं सांगूनच ठेवतो. एका गड्याला साडूचं पेन्शन बघवंना, तवा त्यानं बी पेन्शन मागितलं. आता तुमी म्हनाल मिळालं, न्हायतर म्हनाल न्हाय मिळालं. दोनी चूक. करा इचार, मी तवर सांगत ऱ्हातो.

रामहरी म्हंजी हिप्परग्याच्या तळ्यावरचा सरकारी होडीवाला. एकवीस वर्सं तीच होडी, त्येच तळं. रोज सकाळी कालवा हापिसाच्या मेस्त्रीला होडीत बसवायचं, पान्यातल्या बुरुजापतूर न्यायचं, मेस्त्रीनं पानी किती उतरलं ते बघून वहीत आकडा मांडायचा, की परत काठावर. बाकीचा दिवस रामहरीचा आन माशांचा. पगार महिना तेरा रुपये. घरात बायकू गोजरबाई आन म्हातारी आई सोनाबाई. तिघांचं पोट भरून सनाला पोळी व्हत व्हती. गडी सुखात व्हता. (आपून सुखात हाय हे मानसाला कुनीतरी येऊन सांगाय पायजे बगा. रामहरीला कुनी सांगितलंच न्हाय.)

मंग बिरदेव आला. गोजरबाईच्या थोरल्या भैनीचा नवरा, म्हंजी रामहरीचा सख्खा साडू. हा गडी तिशी उलटल्यावर म्हमईला पळाल्याला आन आगबोटीवर कोळसा टाकायच्या कामाला लागल्याला. बावीस वर्सं त्यानं बॉयलरच्या तोंडात फावड्यानं कोळसा घातला. छप्पन्नाव्या वर्सी कंपनीनं सांगितलं, आता घरी जा. त्यो घरी आला, ते नेमकं रामहरीच्या समोरच्या खोलीत. अंगात पितळी गुंड्यांचा निळा कोट. सोलापूरचं ऊन तुमाला ठावं हाय. वैशाखात कुत्री सावली सोडत न्हाईत, पर ह्येचा कोट काय उतरत न्हवता. चालताना हिकडं तिकडं झुलायचा, जनू गल्लीच डुलाय लागलीया.

कोटाचं रामहरीनं सोसलं आसतं. पर दर महिन्याच्या सात तारखेला पोष्टमन यायचा आन चौकातनंच वरडायचा, बिरदेव खलाशी, म्हमईचं पेन्शन, अकरा रुपये. बिरदेव खाटेवर पडल्याला आसायचा. पडल्यापडल्याच आंगठा पुढं करायचा. रामहरी त्याच येळंला तळ्यावरनं घामानं भिजून यायचा. वल्हं मारून मारून तेरा, आन हिकडं आंगठा मारून अकरा. त्या दिवशी रामहरीच्या घशाखाली भाकरी उतरायची न्हाय. सातवी तारीख म्हंजी त्येला एकादशीच.

पुढं सासुरवाडीला, टेंभुर्णीला, एका कार्याला दोगं साडू शेजारी शेजारी जेवाय बसले. सासू बजाबाई तुपाची कासंडी घेऊन आली. बिरदेवाच्या पोळीवर तिनं आसं तूप वतलं की ते ताटातनं पाटावर आलं. रामहरीच्या पोळीला तूप नुसतं दावलं. वर म्हनती कशी, "जावायबापू, तुमचं आपलं हात चालत्यात तवर चालंल. थोरल्या जावयाचं कसं, बसून यील, निजून यील. माज्या थोरलीचं नशीब."

धाकटी लेक गोजरबाई तितंच वाढत व्हती. ती काय बोलली न्हाय. सोलापूर येईपतूर बोलली न्हाय. रस्त्यात चार येळा उसासा सोडला त्येवढाच. आता बायकू भांडली तर नवरा भांडतो आन मोकळा व्हतो. उसाशाला काय जबाब देनार? रामहरीनं त्या रातीच ठरवलं, आपून बी पेन्शन घ्यायचं. बजाबाईच्या हातनं कासंडी पालथी करवायची, तवाच थांबायचं.

दुसऱ्या दिवशी त्यो बिरदेवाच्या खाटंवर जाऊन बसला. सहज इचारल्यासारखं इचारलं, साडूभाऊ, ह्ये पेन्शन कुनाला मिळतं? बिरदेव मुळातला टवाळखोर. त्यानं पत्र्याची एक नळी काढली, तिच्यातनं नोकरीचं बुक काढलं. आगबोटीवरची मानसं त्या बुकालाच नळी म्हनत्यात. पानापानावर शिक्का, हरेक फेरीचा शेरा. मंग त्यानं नेम सांगितले. वीस वर्सं जहाजावर पायजेत. वयाची पंचावन्न पुरी पायजेत. बुकात काळा शेरा नको. कोन्या कंपनीची बोट हाय त्यावर न्हाय, सगळ्या खलाशांसाठी म्हमईच्या हापिसात एकच फंड हाय, तितं अर्ज करायचा.

रामहरी इचारात पडला. मंग म्हनाला, "साडूभाऊ, तुमी बावीस वर्सं बोटीच्या पोटात. पानी किती बघितलं?"

"पानी? बंदरात उतरलो की दिसायचं. एऱ्हवी समोर आग," बिरदेव म्हनाला.

"मंग मी एकवीस वर्सं पान्यावरच हाय की. डोळ्यापुढं पानी, बुडाखाली पानी. तुमी आगीम्होरं बसून खलाशी, आन मी पान्यावर बसून कोन?"

बिरदेवानं तोंड आसं गंभीर केलं की मयताला बी लाजवावं. म्हनाला, "गड्या, तुजं खरं हाय. तुजा हक्क माज्याहून जादा हाय. कर अर्ज."

त्येला वाटलं, अर्ज लिवनाराच ह्येला हाकलून दील, आन संध्याकाळी आपल्याला हसाय मिळंल. पर अर्ज लिवनारा हाकलत न्हाय. त्येला वळीला पैसा मिळतो.

कचेरीपुढच्या लिंबाखाली वेणीमाधवपंत अर्ज लिवायचे. सोलापुरातलं कुनाचं काय गेलं, कुनाचं काय राहिलं, सगळं त्यांच्या टाकातनं जायाचं. त्यांनी म्हमईहून छापील फॉर्म मागवला. तो आला तवा रामहरीला म्होरं बसवून एकेक सवाल वाचाय लागले. जहाजाचं नाव? होडीला नाव न्हवतं, नुसता आकडा रंगवल्याला, दोन. पंतांनी लिवलं, नंबर दोन. (नंबर एक रामहरी लागायच्या आधीच बुडाली व्हती. ते फॉर्मात इचारलं न्हवतं, म्हनून लिवलं न्हाय.) कप्तान कोन? मीच. खलाशी किती? मी येकटाच. बंदरं कंची कंची? हा काठ, त्यो काठ, आन मदला बुरूज. दर्यावर काय अपघात? एकदा पवनारी म्हस होडीत चढाय बघत व्हती. जमीन न दिसता सगळ्यात लांबचा प्रवास किती? ह्येला रामहरीनं लई डोकं खाजवलं. मंग आठवलं, एका मार्गशीर्षात धुकं पडलं व्हतं, मेस्त्री आन तो अर्धा घंटा गोल गोल फिरत व्हते, काठ दिसला न्हाय. पंतांनी त्येबी लिवलं. पंत हसले न्हाईत. हसन्याचे पैसे मिळत न्हवते.

मंग आलं वय.

"पंचावन्न पूर्ण लागतात," पंत म्हनाले. "तुमचं किती?"

"आसंल की तेवढं."

"असेल नव्हे. शपथेचा कागद लागेल, स्टँपावर. तुमचा जन्म पाहिलेल्या माणसाच्या सहीसकट."

आता आपल्यात जल्माची तारीख कोन लिवून ठेवतो? मानूस दुष्काळात झाला का पलेगात झाला, येवढंच. रामहरीनं बोटं मोजली. थोरला धातूचा दुष्काळ, म्हंजी धातू नावाच्या संवत्सरातला, पडून सत्तावन्न वर्सं झाली व्हती. त्या दुष्काळात आपला जल्म झाला आसं म्हटलं तर पंचावन्नाच्या वर दोन वर्सं हातात शिल्लक. पंतांनी ते लिवून घेतलं. ऱ्हायलं काय, तर जल्म बघितल्यालं मानूस. ते घरात व्हतंच.

सोनाबाई चुलीपुढं बसल्याली. रामहरीनं तिला लाडीगोडीनं सांगितलं, आई, कागदावर आंगठा करायचा हाय, मी धातूच्या दुष्काळात झालो म्हनून. म्हातारीनं फुकनी खाली ठेवली.

"आरं, त्या दुष्काळात मी सहा वर्सांची व्हते. बापासंगं खडीच्या कामावर जायचे. लगीन झालं तवा मी बारा वर्सांची, आन तू झालास त्येच्या चौथ्या साली. दुष्काळात झालास तर झालास कुनाला?"

"आई, कागदावर फकस्त."

"कागदावर बी आईच लागती की. का कागदाला झालास?"

रामहरीनं समजावलं, की तूबी दहा वर्सांनी मोठी व्हय, म्हंजी गणित बसतंय. हे म्हातारीला लई झोंबलं. ती म्हनाली, मी त्रेसष्ट वर्सांची हाय तवाच गल्लीतल्या बाया इचारत्यात, म्हातारे अजून हायस व्हय? त्र्याहत्तर झाले तर तिरडीच बांधून आनतील. शेवटी सौदा झाला. इरकली लुगडं, रुंद काठाचं, आन काठ म्हातारी सोता निवडनार. त्या लुगड्यासाठी सोनाबाईनं दहा वर्सं अंगावर घेतली, आन आंगठा केला.

गोजरबाईला हिशोब कळला तवा ती येगळीच पेटली. तिचं लगीन झालं तवा नवरा सतरा वर्सांचा व्हता. कागदापरमानं तो सत्तावीस वर्सांचा झाला. म्हंजी आपल्याला आईबापानं घोडनवऱ्याला दिली म्हना की, थोरलीला जवान बघून दिला आन मला म्हातारा, आसं म्हनून ती दोन दिस रुसली. मंग पेन्शनचा आकडा आठवला, की उठली आन भाकरी थापाय लागली.

अर्ज गेला. रामहरीनं वाट बघायची कशी, तर आधीच पेन्शन आल्यासारखी बघितली. चालताना झुलाय लागला. बोलताना कमरंवर हात. सत्तावन्न वर्सांचा मानूस दिसावा म्हनून पायऱ्या चढताना गुडघ्यावर हात ठेवून आई गं म्हनायचा. शिंप्याकडं निळ्या कोटाचं माप बी दिऊन आला, बिरदेवापेक्षा दोन गुंड्या जादा. बिरदेवाला आता हसू यायच्या ऐवजी काळजी वाटाय लागली. एकदा म्हनाला बी, रामहरी, त्यो अर्ज मागारी घे, मी चेष्टा करत व्हतो. रामहरीनं त्येच्याकडं आसं बघितलं, की बघा, आता ह्येच्या पोटात दुखाय लागलं. म्हनाला, साडूभाऊ, अकराच्या जागी मला बारा मिळतील म्हनून वाईट वाटतंय व्हय?

तिसऱ्या महिन्यात म्हमईच्या हापिसाचं पत्र आलं. पंतांनी वाचून दावलं. अर्ज लई ध्यान दिऊन बघितला, खाऱ्या दर्यावर जानाऱ्या जहाजावरचीच नोकरी ह्या फंडात धरत्यात, तवा ह्या फंडातनं काय देता येनार न्हाय. येवढ्यावर थांबले आसते तर बरं झालं आसतं. पर म्हमईला कुन्या भल्या कारकुनाच्या काळजाला पाझर फुटला. सत्तावन्न वर्सांचा म्हातारा, एकवीस वर्सं वल्हं मारतोय, त्येचं कायतरी व्हावं. त्यानं खाली लिवलं व्हतं, की हा इसम तळ्याच्या खात्याचा नोकर दिसतो, म्हनून त्येचे सगळे कागद, शपथेसकट, कालवा हापिसाकडं पाठवले हायत. त्यांनी योग्य ते करावं.

रामहरीला त्यातलं येकच ऐकू आलं. योग्य ते करावं. दर्याच्या हापिसानं शिफारस केली की. चार दिवसांनी कालवा हापिसाचा शिपाई बोलवाय आला, आन गोजरबाईनं त्या तासाला गल्लीत पेढे वाटले. पहिला पेढा समोरच्या घरात, थोरल्या भैनीच्या हातावर. तो दिताना तिनं नुसतं म्हटलं, आमचं बी बसून येनार आता.

हापिसात हेडक्लार्क पंचाक्षरी बसले व्हते. लई शांत मानूस. कुनावर कधी आवाज चढवला न्हाय. त्यांच्यापुढं दोन कागद. एक नोकरीचं जुनं रजिस्टर, त्यात रामहरीच्या वयाच्या घरात नुसता रिकामा चौकोन. दुसरा शपथेचा कागद.

"रामहरी, हा कागद तुमचाच ना?"

"व्हय साहेब. आईचा आंगठा हाय."

"जन्म धातूच्या दुष्काळात. म्हणजे सत्तावन्न."

"सत्तावन्न पुरी, अठ्ठावन्नावं लागलं."

पंचाक्षरींनी रजिस्टरातल्या रिकाम्या चौकोनात सत्तावन्न लिवलं, त्यावर टिपकागद दाबला. मंग म्हनाले, "सरकारी नोकर पंचावन्नाला घरी जातो. तुम्ही दोन वर्षं उशीर केलात. उद्यापासून येऊ नका."

रामहरी म्हनाला, बरं साहेब, आन पेन्शन कंदीपासनं? पंचाक्षरींनी दुसरं पुस्तक उघडून दावलं. पेन्शन पक्क्या नोकराला. होडीवाला कच्च्या यादीत. त्येला पगार हाय तवर पगार, आन मंग काय न्हाय.

तवा कुटं रामहरीच्या कानातलं पानी निघालं. त्यो खाली बसला. पाय धरून म्हनाला, "साहेब, मी सत्तावन्न न्हाय वो. सत्तेचाळीस हाय. देवाशप्पत सत्तेचाळीस."

"असं?" पंचाक्षरी म्हनाले, तसेच शांत. "मग हा शपथेचा कागद खोटा. खोट्या शपथेला तुरुंग आहे. तुम्हाला, आणि अंगठा केलाय म्हणून तुमच्या आईलाही. आता नीट विचार करून सांगा. तुम्ही सत्तावन्न, की सत्तेचाळीस?"

रामहरीनं इचार केला. म्हातारी डोळ्यापुढं आली, इरकली लुगडं नेसून तुरुंगात खडी फोडताना. त्यो उठला, गुडघ्यावर हात ठेवून, आन आता ते सोंग न्हवतं.

"सत्तावन्न," म्हनाला.

घरी आला तर दारात बायका जमल्याल्या. पेढे खाऊन झाले व्हते, हळदीकुंकू चाललं व्हतं. गोजरबाईनं इचारलं, किती? रामहरीनं काय सांगितलं ते कुनाला ऐकू आलं न्हाय, पर त्या दिवसापासनं त्या घरात कुनी उसासा सोडला न्हाय. सगळं तोंडानंच चालू झालं. टेंभुर्णीहून बजाबाई भेटाय आली, तिनं तूप दाखवायचं बी बंद केलं.

बिरदेवाला मातूर झोप लागंना. त्येच्या मनात पाप न्हवतं. तो हापिसात गेला, पंचाक्षरींना सगळं खरं सांगाय. पर खरं सांगितलं तर म्हातारी तुरुंगात. तवा तितं बसून त्यानं येगळंच इचारलं, होडीचं आता काय करनार? पंचाक्षरी म्हनाले, आता पगारी मानूस ठेवायचा न्हाय म्हनून वरनं हुकूम हाय, होडी ठेक्यानं द्यायची, महिना बारा रुपये. ठेकेदाराला वयाचा नेम हाय का? न्हाय. पाण्यावरचा अनुभव पाहिजे येवढंच. बिरदेवानं नळीतनं बुक काढून टेबलावर ठेवलं. बावीस वर्सं.

त्यो सांजच्याला रामहरीकडं आला. निळा कोट घातल्याला. म्हनाला, "गड्या, ठेका मी घेतला. तू काळजी करू नगंस. वल्हं तूच मारायचं. बाहेरच्या मानसाला मी सहा दिले आसते, तुला सात देतो. आपलं नातं हाय."

रामहरीनं वल्हं उचललं. घरात तीन तोंडं. शिंप्याकडं कोट शिवून तयार.

आता रोज सकाळी होडीत तिघं जन आसत्यात. मेस्त्री आकडा मांडतो. बिरदेव म्होरं बसतो, कारन ठेकेदारानं हजर पायजे, आन पानी हाललं की त्येला मळमळाय लागतं, कारन बावीस वर्सांत त्यानं ते कधी बघितलंच न्हवतं. रामहरी वल्हं मारतो.

आन ज्येनं म्हटलं रामहरीला पेन्शन न्हाय मिळालं, त्येला चंची न्हाय. पेन्शन चालू झालं की. आधी तेरा व्हते, आता सात. महिन्याला सहा रुपये, पहिल्या तारखेला, चुकत न्हाय, मरेपतूर. येत न्हाय येवढंच. जातंय.